जुन्या स्थलदर्शक नकाशांतील गाव

‘एक इंचाला एक मैल’ (1:63,360) या प्रमाणावर भारतीय सर्वेक्षण विभागाने (स्थापना 1767) छापलेल्या जुन्या पत्रकांत खेड्यांच्या खाणाखुणा बारकाईने टिपलेल्या आहेत. पुढची पत्रके 1:50,000 वर आली. ट्रेकर मंडळी दोन्हींना ‘टोपोशीट’च म्हणतात आणि नंबराने ओळखतात, पुणे शहराचा बराच भाग 47 एफ/14 वर येतो.

पिवळा रंग शेतीचा, तांबडे ठिपके घरांचे, निळे वर्तुळ विहिरीचे. ओढा मात्र काळ्या रेघेत असला तर कोरडा समजायचा. देऊळ, मशीद, ईदगाह, छत्री यांना वेगवेगळी चिन्हे आहेत. ती भक्तिभावाने दिलेली नाहीत. मोजणीदाराला लांबून दिसणारी खूण हवी असे. म्हणून माळावरचे एकटे झाड नकाशावर येते, त्याखालचा पार येत नाही. पाटलाचा वाडा नाही, पण दौऱ्यावरच्या साहेबाच्या मुक्कामाचा डाकबंगला ‘डी.बी.’ म्हणून ठळक. निळे वर्तुळ विहीर कुठे आहे ते सांगते, तिचे पाणी कोणाला भरू देत ते सांगत नाही. महाडचे चवदार तळे नकाशाच्या दृष्टीने नुसते पाणी. तिथे 20 मार्च 1927 रोजी सत्याग्रह का करावा लागला, हे चिन्हांच्या सूचीत सापडणार नाही.

गावाच्या नावापुढची ‘बीके’, ‘केएच’ ही आद्याक्षरे म्हणजे बुद्रुक आणि खुर्द. फारसीतून आलेल्या या शब्दांचा अर्थ थोरले आणि धाकटे. पुण्याजवळची आंबेगाव बुद्रुक व आंबेगाव खुर्द ही अशीच जोडी. ओस पडलेले गावही ओस म्हणूनच दाखवतात. महसुली दप्तरात त्याला ‘बेचिराग’ म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे. सह्याद्रीच्या घाटवाटांवरची तुटक रेघ लादलेल्या जनावरांच्या वाटेची. यातल्या कित्येक वाटा आता झुडपांत बुजल्या, तरी नकाशावरून माग काढता येतो.

धरणांनी ही पत्रके जुनी केली. उजनी धरणापूर्वीच्या पत्रकात इंदापूर तालुक्यातले पळसदेव भीमेच्या काठी आहे. आता तिथे जलाशयाचा निळा रंग आहे आणि गाव वर सरकले आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसनाथाच्या जुन्या देवळाचे शिखर वर येते.