फाशाला आठवण नसते

कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवताना संभाव्यतेची सुरुवात सूत्राने करू नये, असं माझं ठाम मत आहे. सुरुवात करावी नाणेफेकीने. अर्ध्या वर्गाने नाणं खरोखर १०० वेळा उडवून छापा-काटा क्रमाने लिहावा. उरलेल्यांनी नाण्याला हात न लावता तशीच यादी मनाने रचावी. कोणता कागद कोणत्या गटाचा, हे शिक्षकाला बहुतेक वेळा नुसतं पाहून ओळखता येतं. मनाने रचताना सलग तीन-चार छापे झाले की हात आपोआप काटा लिहितो. खऱ्या १०० फेकींमध्ये मात्र एकच बाजू सलग पाच किंवा अधिक वेळा पडण्याची शक्यता तब्बल ९७ टक्के असते.

‘आता काटा यायलाच हवा’ ही समजूत पुढे अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सारी पदार्थातले निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, शिकताना आडवी येते. प्रत्येक अणू हळूहळू म्हातारा होतो आणि ठरल्या वेळी फुटतो, असं मुलांना वाटतं. इथे १०० फासे द्यावेत. सगळे एकदम टाकायचे, ज्यांवर १ हा आकडा आला ते बाजूला काढायचे, उरलेले पुन्हा टाकायचे. सरासरीने १०० चे ८३ उरतात, मग ६९, ५८, ४८. म्हणजे चार फेकींच्या आतबाहेर निम्मे गळतात. आता विचारावं: दहा फेकींतून वाचलेला फासा पुढच्या फेकीत गळण्याची शक्यता किती? बरेच जण ‘जास्त’ म्हणतील. उत्तर आहे एक षष्ठांश, पहिल्या फेकीला होती तेवढीच. कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनच्या अणूचं केंद्रकही (अणूचा गाभा) असंच. त्याचा अर्धायुकाल ५७३० वर्षांचा. पण हजारो वर्षं टिकलेलं केंद्रक आणि काल तयार झालेलं केंद्रक, दोन्ही पुढच्या वर्षभरात फुटण्याची शक्यता तंतोतंत सारखी.

हे निव्वळ गणित नव्हे. १९१० साली रदरफोर्ड आणि गायगर या भौतिकशास्त्रज्ञांनी पोलोनियम या किरणोत्सारी धातूचे अणू फुटताना निघणारे अल्फा कण पडद्यावरच्या ठिणग्यांवरून मोजले, साडेसात-साडेसात सेकंदांच्या २६०८ तुकड्यांत. एका तुकड्यात सरासरी चाराला थोडे कमी कण. तरी ५७ तुकड्यांत एकही कण आला नाही, आणि काही तुकड्यांत दहा आले. निव्वळ योगायोगाचं गणित रिकाम्या तुकड्यांसाठी ५४ हा आकडा देतं. मला हा प्रयोग फार आवडतो: पुढचा कण कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही, पण किती तुकडे रिकामे जातील ते सांगता येतं.

सूत्र आणायचं ते इथे, आणि एकच पुरे: मोजणीतला चढउतार साधारण तिच्या वर्गमुळाइतका असतो. फुटणारी १०० केंद्रकं मोजली तर १० इकडेतिकडे, म्हणजे १० टक्के. १०,००० मोजली तर १००, म्हणजे एकच टक्का. जुन्या लाकडाचं वय त्यात अजून फुटणारी कार्बन-१४ ची केंद्रकं मोजून काढतात. त्या वयापुढे ‘अधिक-उणे’ लिहिलेलं दिसलं की मुलं ती प्रयोगशाळेची चूक समजतात. मग त्यांनाच हिशोब करू द्यावा. नुकत्याच तोडलेल्या लाकडातल्या एक ग्रॅम कार्बनमध्ये मिनिटाला सुमारे १४ केंद्रकं फुटतात. एक टक्क्याच्या अचूकतेसाठी १०,००० हवीत, म्हणजे जवळपास १२ तास मोजत बसायचं. लाकूड ५७३० वर्षं जुनं असेल, तर २४ तास.