एमपीटीएच न्यूरो आणि एमओटीएच न्यूरो: विषयाचं नाव एक, मोजमाप वेगळं

एमपीटीएच ही फिजिओथेरपीतली मास्टर्स, एमओटीएच ही ऑक्युपेशनल थेरपीतली (ओटी), म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून देतात त्या उपचारांतली. बीपीटीएच आणि बीओटीएच या त्यांच्या आधीच्या पदव्या, आणि न्यूरो म्हणजे मेंदू-मज्जातंतूंच्या आजारांचा विषय. मास्टर्सच्या प्रवेश परीक्षेचे, पीजी सीईटीचे, फॉर्म निघाले की ठरलेले प्रश्न सुरू होतात. "ओटी म्हणजे हाताची फिजिओच ना?" "बीपीटीएच झालंय, एमओटीएच चालेल का?" आणि सगळ्यात डोकं फिरवणारा: "न्यूरो दोन्हीकडं आहे, मग सीट मिळेल तिथं घालू."

फिजिओथेरपी काय असते हे कोल्हापुरात कुणाला सांगायची गरज नाही. गुडघा बदललेल्या आजीपासून तालमीत खांदा दुखावलेल्या पैलवानापर्यंत सगळ्यांनी ती अनुभवलेली आहे. म्हणून किरकोळ गोष्टी आधी उरकतो. एमपीटीएचला बीपीटीएच लागतं, एमओटीएचला बीओटीएच. अदलाबदल होत नाही. राज्याचा सीईटी सेल दोन्हींच्या प्रवेश परीक्षा घेतो, पण फिजिओची पीजीपी आणि ओटीची पीजीओ. राज्यात दोघांची नोंदणी एकाच परिषदेकडं होते, त्यामुळं घरच्यांना हा एकच धंदा वाटतो. वरचं अंग ओटीकडं आणि खालचं फिजिओकडं, ही वाटणी कुणी काढली देव जाणे. आणि हे काही नवीन फॅडही नव्हे. कमला निंबकर यांनी मुंबईत केईएमला ओटीचं शिक्षण सुरू केलं ते १९५० साली.

आता खरी अडचण. दोन्हीकडं न्यूरो, दोन्हीकडं तेच पेशंट, तीच ॲनाटॉमी. हालचाली पुन्हा बसवायची बोबाथ पद्धत दोघंही शिकतात, चांगला हात बांधून अधू हाताला कामाला लावणारी सीआयएमटीही दोघं वापरतात. तेव्हा उपचाराच्या पद्धतीत फरक शोधायला गेलात तर सापडणार नाही. पेशंट सुधारला हे कशावरून म्हणायचं, तिथं बघा.

समजा, सुभाषनगरातला एक चप्पल कारागीर आहे. उजव्या अंगावरून वारं गेलंय. एमपीटीएचची विद्यार्थिनी बघते की उठताना वजन दोन्ही पायांवर येतं का, पाऊल ओढतो का, स्नायू किती ताठरलेत. ५६ गुणांच्या बर्ग स्केलवर तोल वाढला, खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायचा वेळ कमी झाला, की तिच्या प्रबंधाला निकाल मिळाला. हे काम सोपं नाही, आणि ते नीट झालं नसेल तर ओटीवालाही पुढं फारसं काही करू शकत नाही.

तोच माणूस काही आठवड्यांनी बघा. चालतोय, मूठ वळतेय, पकड आलीय. पण कंगवा हातात दिला की दातांकडं नेतो. चामडं कापायची रापी उचलतो ती उलटी धरतो. आधी भोकं पाडायची की आधी वादी ओवायची, हा जन्मभराचा क्रम सुटलाय. घरचे म्हणतात, "हातात ताकद नाही अजून," आणि त्याला दाबायला स्पंजचा पिवळा बॉल देतात. त्या बॉलचा मला मनापासून राग आहे. ताकद आलेली आहे. कोणती वस्तू कशासाठी आणि कशानंतर काय, ही मेंदूतली जुळणी बिघडलीय. याला ॲप्रॅक्सिया म्हणतात. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की तो बऱ्याचदा दिसतो, आणि बॉल दाबून जात नाही.

एमओटीएचचा विद्यार्थी इथं चप्पल शिवण्याचं काम सुटं करून बघतो. मांडी घालून बसणं, चामडं पायाखाली दाबणं, रापीवर नेमका दाब देणं, दोन हातांनी दोन वेगळी कामं करणं. मग जवळजवळ पुरी झालेली चप्पल हातात देऊन फक्त शेवटची पायरी करायला लावतो. ती जमली की तिच्या आधीची. रापीची मूठ जाड करून देतो. पातं हातात देणं धोक्याचं दिसलं तर कापायचं काम दुसऱ्याकडं आणि पॉलिशचं याच्याकडं, हा निर्णयही त्याचाच.

निकाल मोजायला एक साधन आहे, कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर. पेशंट स्वतः अडलेली कामं सांगतो आणि किती जमतं, किती समाधान आहे, याला १ ते १० गुण देतो. दोन गुणांचा फरक पडला तर तो खरा धरतात. कारागिराला विचारलंत तर तो कदाचित म्हणेल, "चपलेचं नंतर बघू, आधी संडासला एकट्यानं जाता आलं पाहिजे." मग उपचार तिथून सुरू.

म्हणून एमओटीएचच्या प्रबंधात निकाल म्हणून सांधा किती वळतो ते मोजणाऱ्या गोनिओमीटरचे नुसते अंश दिसले की मला कळत नाही, हा मुलगा दोन वेगळ्या दारांपैकी कुठून आत आला. दिवसभर पेगबोर्डात खुंट्या रोवून घेणं हीसुद्धा ओटी नव्हे.

बाकीचे फरक स्पष्टच आहेत. हृदय-श्वसन आणि खेळ हे फिजिओचे विषय, मानसिक आरोग्य ओटीचा. पैलवान आणि फुटबॉलवाल्यांसोबत राबायचं असेल तर बारावीलाच फिजिओ घ्या, नंतर रडू नका. लहान मुलांचं सेन्सरी इंटिग्रेशन, म्हणजे स्पर्श-तोल अशा संवेदनांची मेंदूत जुळणी बसवणं, हे जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टचं काम. शनिवार-रविवारचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून कुणी त्यातला तज्ज्ञ होत नाही. अमेरिकेला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की तिथं मास्टर्स किंवा डॉक्टरेट करूनच ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून धंद्यात पाय ठेवता येतो, इथं मास्टर्स हे पदवीनंतरचं विशेष शिक्षण आहे. नावं सारखी म्हणून दोन्ही एकाच तराजूत घालू नका.

एमओटीएचची सीट पक्की करण्याआधी विभाग बघून या. पेशंटला चहा करायला लावता येईल असा ओटा-गॅस आहे का, शिवण-सुतारकामाची हत्यारं वापरात आहेत की कपाटात कुलूपबंद, पेशंटच्या घरी कुणी जातं का, हे तिथल्या सीनियरांना विचारा. सगळीकडून नाही आलं आणि कोपऱ्यात पिवळ्या बॉलची टोपली दिसली, तर पुढच्या फेरीची वाट बघा.