पोटातली घरघर

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत एका काकांचं डायलिसिस चालू आहे, परवा लिफ्टमध्ये म्हणाले "इथं हात लाव बघू", मनगटाच्या वर बोटं टेकवली तर आत मोबाईल व्हायब्रेट होतोय असंच वाटलं! तो त्यांचा फिस्टुला. (लोकलच्या डब्यात जाहिराती असतात तो भगंदरवाला नाही हो.) सर्जननी मुद्दाम धमनी शिरेला जोडलेली असते, 1966 पासूनची पद्धत आहे, त्याने शीर फुगून जाड होते आणि सुई टोचायला बरी पडते.

हीच जोडणी पोटात आपोआप झाली तर मात्र वाट लागते. पोटातली महाधमनी साधारण 2 सेंटीमीटर रुंद, आणि तिला अगदी खेटून उजवीकडे महाशीर. एकीत प्रेशर 120/80, दुसरीत जेमतेम 5 च्या आसपास. उतारवयात, त्यातही सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांत, महाधमनीला फुगा येतो आणि क्वचित तो बाहेर न फुटता शेजारच्या शिरेतच फुटतो. मणक्याच्या डिस्कचं ऑपरेशन पाठीकडून करताना हत्यार जास्त आत गेलं तरी असं होऊ शकतं, आणि ते कधी कधी काही वर्षांनी कळतं.

मग होतं काय, तर गच्चीवरच्या टाकीची मेन लाइन कुणी थेट ड्रेनेजला जोडावी तसं, पाणी धो धो पळतंय पण घरातल्या नळाला करंगळीएवढी धार. किडनीला वाटतं रक्तच कमी पडलं, म्हणून ती मीठ-पाणी धरून ठेवते, लघवी कमी, पाय सुजलेले, आणि हृदय एरवी मिनिटाला 5 लिटर रक्त ढकलतं ते कितीतरी जास्त ढकलून थकतं, दम लागतो. मूत्राशयाच्या शिरा तुंबल्या तर लघवीतून रक्तही जातं. काकांच्या हाताला हे सगळं झेपतं कारण तिथली धमनीच बारीक.

रक्त बाहेर सांडत नाही म्हणून माणूस काही काळ तग धरतो, पण तिथेच घोळ होतो, कारण सूज आणि दम बघून नुसता हार्टचा पेशंट समजला जातो. पोटावर स्टेथोस्कोप टेकवला तर बऱ्याचदा पिठाच्या गिरणीसारखी अखंड घरघर ऐकू येते! सीटी अँजिओत (रक्तात डाय सोडून रक्तवाहिन्यांचा काढलेला स्कॅन) धमनीसोबत शीरही लगेच उजळते. मग पोट उघडून फुग्याच्या आतून भोक शिवतात, नाहीतर जांघेतून स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे कापड लावलेली जाळीदार नळी, सरकवतात. आणि भोक बोटाने दाबून धरलं की धावणारी नाडी बऱ्याचदा तिथल्या तिथे मंदावते.