पुल्लिंगी शब्दात स्त्री कधी येते? इंग्रजी कायद्याच्या भाषेची पार्श्वभूमी

स्त्री-पुरुष दोघांबद्दल बोलताना इंग्रजीत पुल्लिंगी सर्वनाम वापरावं, हा नियम मुळापासूनचा नाही. चौदाव्या शतकापासून लोक अशा ठिकाणी ‘दे’ (they) हे सर्वनाम एकवचनातही वापरत आले होते. अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी ते अशुद्ध ठरवलं आणि शाळांनी तेच गिरवून घेतलं. पण खरं नुकसान व्याकरणाने नव्हे, कायद्याने केलं.

कायद्यांची भाषा आटोपशीर व्हावी म्हणून १८५० साली ब्रिटिश संसदेने ठरवलं, की वेगळं नमूद केलेलं नसेल तर पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धरायच्या. वाचायला हे उदार वाटतं. १८६७ मध्ये मतदानाचा हक्क वाढवणारं विधेयक आलं. त्यातला ‘मॅन’ काढून ‘पर्सन’ घालावा, ही तत्त्वज्ञ आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिल यांची दुरुस्ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी पडली. तेव्हा मँचेस्टरच्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांनी १८५० च्या कायद्याचाच आधार घेऊन मतदार म्हणून नोंदणी मागितली. १८६८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला: इथे ‘मॅन’ म्हणजे पुरुषच.

अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन बी. अँथनी यांनी या दुटप्पीपणावर नेमकं बोट ठेवलं. १८७२ च्या निवडणुकीत मत दिल्याबद्दल त्यांच्यावर खटला भरला गेला. करांच्या आणि शिक्षेच्या कायद्यांतही सर्वनाम पुल्लिंगीच आहे, मग स्त्रियांना कर आणि शिक्षाही माफ करा, असं त्या भाषणांतून ठणकावत होत्या. शंभर डॉलर दंड झाला. तो त्यांनी कधीच भरला नाही.

हीच भाषा इंग्रजी कायद्यांबरोबर भारतात आली. १८६० च्या दंडसंहितेत पुल्लिंगी सर्वनाम स्त्रीलाही लागू होतं, म्हणजे आरोपी स्त्री त्यात आपोआप यायची. कायद्यांतल्या शब्दांचा अर्थ कसा लावायचा ते सांगणाऱ्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्येही तशीच तरतूद होती. तरीही नाशिकला जन्मलेल्या आणि ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना वकिलीची सनद मिळेना. १९१६ साली रेजिना गुहा यांनी याच तरतुदीवर बोट ठेवून कलकत्ता उच्च न्यायालयात सनद मागितली. वकिलांच्या कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्री बसत नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं. तुरुंगात पाठवताना त्याच शब्दात बसणारी स्त्री कोर्टात उभी राहायला मात्र बसेना, याचा राग आजही येतो. अखेर १९२३ मध्ये स्वतंत्र कायदा करून वकिलीचं दार उघडावं लागलं.

कॅनडातल्या पाच स्त्रियांना तर ‘पर्सन’ या शब्दासाठीही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, जावं लागलं. सिनेटवरच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहावरच्या, नेमणुकीसाठी स्त्रीही ‘पर्सन’ आहे, हा निकाल १८ ऑक्टोबर १९२९ रोजी लागला.

ब्रिटिश सरकारने २००७ मध्ये नवी विधेयकं लिंगनिरपेक्ष भाषेत लिहिण्याचं धोरण जाहीर केलं. आपल्या २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या इंग्रजी मसुद्यात पुल्लिंगी सर्वनाम तसंच आहे. त्या सर्वनामाच्या व्याख्येत आता स्त्री-पुरुषांबरोबर तृतीयपंथीयांचाही समावेश झाला आहे.