राइडच्या रांगेत लागणारी भूक
मनोरंजन पार्कांच्या सहलीला प्रवासाचा डबा घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मे महिना लागला की आमच्या बडोद्याच्या स्वयंपाकघरातला फोन थांबत नाही. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चौघांना दोन दिवसांसाठी किती थेपले लागतील?" आमचं उलट विचारणंही ठरलेलं: "कुठल्या पार्कला चाललात?" पलीकडून जरा नाराजीचा आवाज येतो. डबेवाल्यांना काय करायचंय कुठे चाललोय ते! पण आकडा त्यावरच ठरतो. कधी वीस थेपले पुरतात, तर कधी घेतलेले चाळीस गेटबाहेर गाडीतच उकडत पडतात. एकच गोष्ट प्रत्येकाला फोनवर समजावत बसण्यापेक्षा ती लिहून डब्याबरोबर द्यावी, असं यंदा ठरवलं.

आधी आमच्याच धंद्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट सांगतो. पार्कातल्या खाण्याचा खर्च डब्याने जितका वाचतो, त्याहून जास्त खाण्याच्या वेळा नीट साधल्या की वाचतो. घरात कोणी दोनशे रुपयांचे फ्रेंच फ्राइज आणून वर आणखी एक प्लेट मागवत नाही. पार्कात मागवतो, कारण दुपारचा दीड वाजलेला असतो, मुलं रडकुंडीला आलेली असतात आणि समोर एकच खिडकी उघडी असते. त्या दीड वाजेपर्यंत गोष्ट जाऊच द्यायची नाही. बाकी सगळं त्यानंतर.

गेटवर काय चालतं

आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. खोपोलीच्या इमॅजिकाचाही नियम तोच आहे. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं सहसा सोडतात. वाद घालून उपयोग नसतो, रखवालदार बिचारा नोकरी करत असतो. तिकीट काढण्याआधी पार्कात फोन करून एवढं विचारा: रिकामी बाटली आत नेता येते का, पिण्याच्या पाण्याचे नळ कुठे आहेत, आणि हातावर शिक्का मारून दुपारी बाहेर येऊन परत आत जाता येतं का. तिसऱ्या प्रश्नाला "हो" मिळालं तर निम्मा प्रश्न सुटला. पार्किंगजवळ झाडाखाली सतरंजी टाकून जेवायचं आणि परत आत जायचं.

तिकिटाबरोबर जेवणाचं कूपन विकतात तेही डोळे झाकून घेऊ नका. त्यात काय मिळतं ते विचारा. मोठ्या माणसाला भरपेट थाळी मिळत असेल तर सौदा वाईट नाही. पाच वर्षांच्या मुलासाठीही तेवढेच पैसे घेत असतील, तर ते पोर दोन घास खाऊन उठतं आणि उरलेलं बाबांना संपवावं लागतं. मग बाबा झोपाळ्यासारख्या राइडवर बसतात. पुढचं लिहीत नाही.

परदेशी जाणाऱ्यांसाठी: फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःपुरतं खाणं आत नेता येतं. मात्र काचेच्या बरण्या, दारू, गरम करावे लागणारे आणि उग्र वासाचे पदार्थ चालत नाहीत. तिथल्या झटपट खाण्याच्या काउंटरांवर बर्फाचं पाणी मागितलं की पेलाभर फुकट देतात. आपले लोक भिडेपोटी मागत नाहीत आणि बाटल्या विकत घेत राहतात. मागा. आमचे थेपले तिकडे नेणार असाल तर तिथल्या विमानतळावर खाण्याचे पदार्थ असल्याचं जाहीर करा. ताजी फळं मात्र इथेच संपवून विमानात बसा.

सकाळ

पार्क साधारण साडेदहाच्या सुमारास उघडतात. लोक सातला चहा-बिस्किटं खाऊन निघतात आणि अकरालाच पोटात कावळे ओरडायला लागतात. तसं करू नका. निघण्याआधी पोटाला आधार राहील असं खा: मुगाचं धिरडं आणि दही, उकडलेली अंडी आणि पोळी, मोड आलेली मटकी घातलेले पोहे. डाळ, अंडं, दही असलं की भूक तासभर तरी पुढे जाते. फाफडा-जलेबीवर आपल्या गावाचं प्रेम आहे, आमचंही आहे, पण ती रविवारी घरी. तळलेलं आणि पाकातलं खाऊन गरगर फिरणाऱ्या राइडवर बसलेल्यांच्या कहाण्या आम्ही डबे परत घेताना ऐकल्या आहेत.

हॉटेलात राहणार असाल आणि नाश्ता भाड्यातच असेल, तर दिवसातलं मोठं जेवण तेच समजा. रांगेत आधी केक आणि रस दिसतो, इडली-सांबार, ऑम्लेट नि दही टोकाला असतं. टोकापासून सुरुवात करा. नाश्ता आणि पहिली जोराची राइड यांत तासाभराचं अंतर ठेवा.

दुपार

जेवण पावणेबाराला उरका किंवा अडीचनंतर घ्या. मधल्या वेळात खाणावळींपुढे रांगा आणि राइडच्या रांगा मोकळ्या, अशी उलटी स्थिती असते. तिचा फायदा घ्या.

ताटात काय? बर्गर-कोला-फ्राइजच्या जोडणीपेक्षा राजमा-भात, छोले-भात, इडली-सांबार किंवा साधी थाळी स्वस्त नसली तरी पोट जास्त वेळ भरलेलं ठेवते. दोन थाळ्या तिघांत पुरतात. मुलांसाठी वेगळं न मागवता आपल्यातलंच द्या. दहा किंवा जास्त ठिकाणी दुकानं असलेल्या साखळी हॉटेलांना पदार्थांसमोर कॅलरी लिहिणं अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. फलकावर ते बारीक अक्षरांत असतं, पण असतं. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला सरासरी २००० कॅलरी लागतात, हा आकडा डोक्यात ठेवून तो फलक वाचा. एक चीजभरला रोल किती मोठा घास आहे ते कळतं.

३०० मिलिलिटर कोलात साखर साधारण ३२ ग्रॅम, म्हणजे आठ चमचे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेनुसार दिवसभरात वरून घेतलेली साखर २५ ते ३० ग्रॅमच्या आत हवी. एका पेल्यात दिवस संपला. ताक मिळालं तर ताक घ्या, नाहीतर पाणी.

बिलाबद्दलही थोडं. दुकानातून किंवा टपरीवरून बंद बाटली, बंद पाकीट घेतलं तर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. बसवून वाढणाऱ्या हॉटेलाची गोष्ट वेगळी आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांना छापील किमतीपेक्षा जास्त आकारायची मुभा दिली. म्हणून पाण्याची बाटली टेबलावर मागवू नका, काउंटरवरून घ्या. सर्व्हिस चार्ज द्यायचा की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे, तो बिलातून काढायला सांगता येतो. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

डब्यात काय आणि किती

आता आमचा विषय. शिजवलेलं ओलं अन्न फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जंतू भराभर वाढतात, आणि बडोद्याचा मे महिना नेमका त्याच्या मधोमध येतो. म्हणून भात, बटाट्याची भाजी, ओल्या नारळाची चटणी, मलई सँडविच आम्ही प्रवासाच्या डब्यात देत नाही, कितीही आग्रह केलात तरी. भातावरचे काही जंतू शिजवूनही मरत नाहीत, बीजरूपात राहतात आणि भात कोमट पडून राहिला की उठून बसतात.

आम्ही देतो ते कोरडं किंवा निदान ओलावा कमी असलेलं. थेपल्याबद्दल आमची स्वतःची एक चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी मेच्या गर्दीत तव्यावरून काढलेले थेपले निवायच्या आधीच डब्यात भरून दिले. वाफ झाकणाला लागली, थेंब खाली पडले, आणि तिसऱ्या दिवशी एका ताईंचा फोन आला की मधल्या थेपल्यांवर पांढरी बुरशी आहे. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून थेपला तव्यावरून निघाला की जाळीवर जातो, पंख्याखाली दोन्ही बाजूंनी कोरडा होतो, आणि हाताच्या पाठीला गार लागला तरच डब्यात. मेथी चिरल्यावर मीठ लावून पिळतो, पीठ पाण्याऐवजी दह्यात भिजवतो, मोहन थोडं सढळ. तुम्ही घरी करणार असाल तर एवढंच जपा, आमच्याकडून घ्यायलाच हवेत असं नाही.

दशमी दुधामुळे टिकते असं सगळे म्हणतात. आमच्या काकूंचं मत वेगळं आहे: दुधामुळे ती मऊ राहते, टिकते ती मंद आचेवर नीट भाजल्यामुळे. काठ कच्चे राहिले तर दुधाची दशमी पाण्याच्या पोळीआधी आंबते. आम्हाला काकूंचं पटतं.

उन्हाळ्यात आमचा हिशेब असा: थेपला आणि दशमी दोन दिवस, तिखटमिठाच्या पुऱ्या तीन, खाकरा आणि गूळपापडी आठवडाभर सहज. मोठ्या माणसाला एका वेळेला चार थेपले, मुलाला दोन. त्यावर मूठभर डाळ्या किंवा भाजलेले शेंगदाणे हवेतच. नुसत्या पिठावर भूक परत लवकर येते. १०० ग्रॅम भाजलेल्या चण्यांत साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात, खिशात मावतात आणि सांडले तरी कपडे खराब होत नाहीत. फळं खंडेराव मार्केटमधून निघायच्या आदल्या दिवशी घ्या, केळी थोडी कच्चीच. बटाटा घातलेला लीलो चिवडा सोबत न्यायचा मोह होतो. पण तो ओलसर, खारट आणि तहान वाढवणारा, त्यामुळे तो गाडीतच पहिल्या दोन तासांत संपवा. (संपतोच.)

सेव-उसळ पार्सल करून मिळेल का, असंही दर वर्षी कोणीतरी विचारतं. उसळ आपली आणि शेव इथली, त्यामुळे आमचाही जीव तिच्यात आहे, पण नाही.

उन्हात उभ्या गाडीत डबा ठेवू नका. जेवायला बाहेर येणार असाल तर थर्माकोलचा डबा आणि दोन गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवा. डबा गार राहतो आणि दुपारी पाणीही प्यायला मिळतं.

केवडिया

बडोद्याहून साधारण ९० किलोमीटर. सोमवारी सरदार पटेलांचा पुतळा (स्टॅच्यू ऑफ युनिटी) आणि बाकी ठिकाणं बंद असतात, तरी दर वर्षी कोणीतरी सोमवारचाच डबा सांगतं. लहान मुलं असतील तर तिथलं बाल पोषण उद्यान चुकवू नका. ३० ऑक्टोबर २०२० ला ते सुरू झालं. छोटी आगगाडी मुलांना फलशाका गृहम्, पयोनगरी, अन्नपूर्णा, पोषण पुरम् आणि स्वस्थ भारतम् अशा स्टेशनांवरून फिरवते. फळं-भाज्या, दूध, धान्य असं एकेक शिकवत नेते. एका आजींनी सांगितलं की नातवाने परतीच्या वाटेत स्वतःहून भाकरी मागितली. दुसऱ्या घरी मात्र पयोनगरी बघून आल्यावर फक्त आइस्क्रीमची मागणी झाली. दोन्ही शक्यता धरून चला. तिथे चालणं खूप होतं, त्यामुळे खाण्यापेक्षा पाणी जास्त न्या.

ऊन आणि आजार

तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला घोट घोट पाणी. घाम फार आला, उलटी-जुलाब झाले तर औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी, तीही पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाची पुडी २०.५ ग्रॅमची असते आणि ती एक लिटर पाण्यात घालायची. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नका. ओआरएस म्हणून खोक्यांत विकली जाणारी गोड पेयं म्हणजे ती पुडी नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. मधुमेह असलेल्यांनी गोळ्या किंवा इन्सुलिन आणि एक छोटा खाऊ जवळच ठेवावा, लॉकरमध्ये नाही. डॉक्टरांची चिठ्ठी असली तर गेटवर अडचण येत नाही. वॉटर पार्कातून बाहेर आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांच्या हाती काही देऊ नका.

ऑर्डर देताना

निघण्याच्या दोन दिवस आधी सांगा. किती माणसं, त्यांत मुलं किती, कांदा-लसूण चालतो का, शेंगदाण्याची कोणाला अ‍ॅलर्जी आहे का. डबा निघायच्या दिवशीच सकाळी सहापासून मिळेल, आदल्या रात्री आम्ही भरत नाही. कारण वर लिहिलं आहे. आमचे स्टीलचे डबे परत आणून द्या. घासले नाहीत तरी चालतील, पण झाकणं त्यांच्या त्यांच्या डब्यांवरच असू द्या. दिवाळीपासून सात झाकणं कोणाच्या तरी घरी आहेत.