भूत भिंतीतून जातं, मग जमिनीतून का जात नाही?

गेल्या आठवड्यात एक फॉरवर्ड आला. अणू ९९.९९ टक्के पोकळ असतो हे विज्ञानानेच सांगितलंय, म्हणून सिद्धपुरुष भिंतीतून आरपार जाऊ शकतात, असा त्याचा मथितार्थ. यातलं पहिलं अर्धं आपण शाळेत शिकलोच आहोत. केंद्रक मोहरीएवढं धरलं तर अख्खा अणू क्रिकेटच्या मैदानाएवढा भरतो. मग दोन रिकामी मैदानं एकमेकांतून गेली तर बिघडलं कुठे? प्रश्न खरंच चांगला आहे. चूक आहे ती त्याला जोडलेल्या उत्तरात.

अमेरिकेत ऑरलँडोला युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडा आहे. तिथे कोस्टास एफ्थिमिऊ आणि राल्फ लेवेलिन या प्राध्यापकांनी २००२ मध्ये विज्ञान शाखेत नसलेल्या मुलांसाठी 'फिजिक्स इन फिल्म्स' हा कोर्स सुरू केला. पाठ्यपुस्तकातला उतारावरून घसरणारा ठोकळा बाजूला ठेवायचा, सिनेमातला प्रसंग दाखवायचा आणि विचारायचं: हे होईल का? आकडे मांडून दाखवा. पृथ्वीवर येणारा लघुग्रह बॉम्बने फोडणं, गाड्यांच्या अचाट उड्या, सगळं तपासायचं. भुतंसुद्धा. २००६ मध्ये एफ्थिमिऊ यांनी सोहांग गांधी यांच्याबरोबर भुताखेतांवर एक लेखच लिहिला. त्यात रक्तपिपासू व्हॅम्पायरचा हिशोब आहे: १६०० साली जगाची लोकसंख्या ५३ कोटींच्या वर धरा, एकाच व्हॅम्पायरपासून सुरुवात करा, प्रत्येकाने महिन्याला एक माणूस चावला आणि तो चावलेलाही व्हॅम्पायर झाला, तर अडीच वर्षांत पृथ्वीवर माणूसच उरत नाही. दर महिन्याला दुप्पट, एवढंच गणित.

मला त्याहून आवडतो तो भुताच्या चालण्याचा मुद्दा. आपण चालतो तेव्हा पाय जमिनीला मागे ढकलतो आणि जमीन आपल्याला पुढे ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम. म्हणजे जे चालतं, त्याला जमीन ढकलू शकते. मग भिंत का ढकलू शकत नाही? जमीन आणि भिंत दोन्ही अणूंचीच. एकीवर पाय टेकतो आणि दुसरीतून सगळं शरीर पार जातं, हे जमायचं कसं?

आता खरी गंमत. भिंत आपल्याला अडवते म्हणजे नेमकं काय करते?

इलेक्ट्रॉन म्हणजे मैदानात फिरणारी गोळी नव्हे. तो लाटेसारखा अणूभर पसरलेला असतो, त्यामुळे 'रिकामं मैदान' हे चित्रच फसवं आहे. १९२५ मध्ये वोल्फगांग पाउली या भौतिकशास्त्रज्ञांनी एक नियम मांडला: दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. एसटीतलं दोघांचं बाकडं आठवा. एका बाकड्यावर दोनच इलेक्ट्रॉन, तेही एकमेकांच्या उलट स्पिनचे (स्पिन हा इलेक्ट्रॉनचा अंगभूत गुण, तो दोनच प्रकारचा असतो). खालची बाकडी भरली की तिसऱ्याला वरच्या ऊर्जेच्या बाकड्यावर जावं लागतं. तुम्ही तळहात भिंतीवर दाबता तेव्हा हाताचे आणि भिंतीचे इलेक्ट्रॉन एकमेकांच्या जागेत शिरू पाहतात. तिथली बाकडी आधीच भरलेली असतात. म्हणून काहींना वर चढावं लागतं आणि त्यासाठी ऊर्जा लागते. अंतर जितकं कमी, तितकी जास्त. अंतर कमी करताना ऊर्जा वाढत असेल तर त्यालाच आपण बल म्हणतो, मागे ढकलणारं बल. तळहाताला जाणवणारा भिंतीचा टणकपणा तो हाच. इलेक्ट्रॉनांमधलं विद्युत प्रतिकर्षण, म्हणजे सारख्या विद्युतभारांनी एकमेकांना दूर ढकलणं, असतंच, पण केवळ त्याच्या जिवावर पदार्थ टिकत नाही. १९६७ मध्ये फ्रीमन डायसन आणि अँड्र्यू लेनार्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी गणिताने दाखवून दिलं की पदार्थ स्थिर राहतो तो पाउलीच्या नियमामुळे. तो नसता तर कुठल्याही दोन वस्तू एकत्र आणताना अणुबॉम्बच्या तोडीची ऊर्जा बाहेर पडली असती, असं डायसन यांनी लिहिलं. पोळपाट-लाटणंसुद्धा जवळ ठेवता आलं नसतं!

भुताला हा नियम लागू नाही असं म्हणा हवं तर. मग भिंत अडवणार नाही, पण जमीनही अडवणार नाही आणि ते थेट पृथ्वीच्या पोटात जाईल. गुरुत्वाकर्षणही लागू नाही म्हणाल, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे मिळालेल्या वेगाने ते सरळ रेषेत निघेल आणि पृथ्वी त्याच्या खालून वळत जाईल. मी मुंबईच्या अक्षांशावर हिशोब करून पाहिला: एका मिनिटात ते जमिनीपासून सुमारे ५० मीटर वर असेल, पंधरा मजली इमारतीच्या गच्चीच्याही वर. वाड्यात मुक्काम करणं त्याला शक्यच नाही.

आपल्याकडे आर्ट्‌सला गेलेल्या मुलाचा फिजिक्सशी संबंध बहुधा दहावीतच तुटतो. असे कोर्स आपल्या कॉलेजांतही हवेत, असं मला मनापासून वाटतं. कारण भूत इथे फक्त पडद्यावर नसतं. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे, हे महाराष्ट्राला २०१३ मध्ये कायद्यात लिहावं लागलं.

धर्माची गोष्ट मात्र वेगळ्या हाताने धरावी. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना भेटायला ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, ही कथा अहंकाराबद्दल आहे. तिला पोकळ अणूंचा दाखला जोडला की कथेचं तेज जातं आणि फिजिक्सही चुकतं.

लहानपणी आजी हडळीची गोष्ट सांगायची. पावलं उलटी, केस मोकळे आणि मध्यरात्री ओसरीवर छुमछुम पैंजण. पैंजणाच्या घुंगरात एक छोटा खडा असतो. तो घुंगराच्या पातळ पत्र्यावर आपटतो म्हणून आवाज होतो. खड्याचे इलेक्ट्रॉन पत्र्याच्या भरलेल्या बाकड्यांवर बसू शकत नाहीत, म्हणून तो पत्र्यातून आरपार न जाता आपटतो. ज्या हडळीचे पैंजण वाजतात, तिला खोलीत यायला दारच लागेल.