कडांमधील अंतरमापन (कॅड प्रतिकृतीतील)

संगणकावरील त्रिमित कॅड (संगणकाच्या साहाय्याने केलेले आरेखन) प्रतिकृतीतल्या दोन कडा निवडून त्यांच्यामधले अंतर काढणे. घनाकृतीची दोन पृष्ठे जिथे मिळतात ती कड. कारखान्यांत तिला सरसकट ‘एज’ म्हणतात. घनाकृती ही पृष्ठे, कडा आणि शिरोबिंदू यांनी बांधलेली मानायची, ही पद्धत १९७०च्या दशकात रुळली. केंब्रिज येथील इयान ब्रेड यांचे काम त्यात पायाभूत आहे. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतील फौंड्री व मशिनशॉपमध्ये हे मापन रोजचे आहे. ग्राहकाकडून प्रतिकृती येते आणि पॅटर्न (ज्याभोवती वाळूचा साचा घडवतात तो नमुना) करण्याआधी तिच्यावर मापे घेतली जातात.

दोन कडांमधले अंतर हा एकच आकडा नसतो. बहुतेक प्रणाली आपणहून सर्वांत कमी अंतर दाखवतात. समोरासमोरच्या समांतर कडांत ते सगळीकडे सारखेच असते. एकमेकींना न छेदणाऱ्या आणि समांतरही नसलेल्या सरळ कडांत ते दोन्हींना लंब असलेल्या रेषेवर मोजले जाते. त्या लंबाचा पाय कडेच्या टोकापलीकडे पडत असेल तर टोकाचा बिंदू विचारात घ्यावा लागतो. वर्तुळाकार कडांची गंमत वेगळी. एकाच प्रतलात ४० आणि ६० मिमी व्यासाची दोन भोके असून त्यांच्या केंद्रांत १५० मिमी अंतर असेल, तर कडांमधले किमान अंतर १०० मिमी आणि कमाल २०० मिमी भरते. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. बोअरिंग करणाऱ्याला, म्हणजे भोक कापणाऱ्याला, मात्र १५० हवे असते. मुक्त वक्र कडांसाठी थेट सूत्र नसते. संगणक अंदाजाच्या बिंदूंपासून सुरुवात करून पायरीपायरीने खऱ्या उत्तराच्या अधिकाधिक जवळ सरकत जातो.

घातक चुका लहान आकड्यांत लपतात. दोन समांतर कडांमधले आडवे अंतर १२० मिमी आहे, पण मशिनिंगसाठी सोडलेल्या स्टॉकमुळे (नंतर कापून काढायच्या जादा धातूमुळे) एक कड दुसरीपेक्षा ३ मिमी वर आहे, असे समजा. तिरके अंतर १२०.०४ मिमी येते. वाढलेले चार शतांश डोळ्यांत भरत नाहीत, पण बेअरिंग बसवायच्या जागी तेवढ्याने काम बिघडते. म्हणून एकूण अंतराशेजारी क्ष, य आणि झ दिशांतले फरकही वाचावेत. झ-फरक ३ दिसला की चूक लगेच उघडी पडते.

ओतकामाच्या प्रतिकृतीत ड्राफ्ट हा त्याहून मोठा प्रश्न आहे. पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून उभ्या भिंतींना किंचित उतार देतात. १ अंशाचा उतार १०० मिमी खोलीवर प्रत्येक बाजूला सुमारे १.७५ मिमी सरकवतो. त्यामुळे पॉकेटची, म्हणजे खोलगट जागेची, रुंदी वरच्या कडांवर १२० मिमी असली, तर तळाच्या कडांवर ती ११६.५ मिमीच राहते. ड्रॉइंगवरचे माप कोणत्या पातळीचे, हे आधी विचारून घेणे भाग आहे. शिवाय बीड ओतताना सुमारे १ टक्का आकसते. म्हणून पॅटर्नसाठी मोठी केलेल्या प्रतिकृतीत ३०० मिमीच्या जागी ३०३ मिमी दिसते. ती प्रतिकृती कास्टिंगची समजून कोणी मोजली, तर चूक प्रत्येक मापात शिरते. जुने पॅटर्नमेकर यासाठी आकसण धरून विभाग पाडलेली वेगळी पट्टी वापरत. तोच हिशेब आता प्रतिकृतीच्या प्रमाणात बसवला जातो.

फिलेट, म्हणजे कडेला गोलाई, दिला की मूळ कड नाहीशी होते. काटकोनी कोपऱ्यावर ५ मिमी त्रिज्येची गोलाई दिल्यास एका कडेच्या जागी दोन कडा येतात आणि त्या प्रत्येक पृष्ठावर ५ मिमी मागे असतात. ड्रॉइंगमध्ये बहुधा गोलाईआधीच्या काल्पनिक कोपऱ्याचे माप लिहिलेले असते, त्यामुळे ती पृष्ठे वाढवून छेदरेषा काढावी लागते. एसटीएल फाइलमध्ये पृष्ठे सपाट त्रिकोणांनी दाखवतात, त्यामुळे तिथे तर वर्तुळच उरत नाही. १०० मिमी व्यासाचे वर्तुळ ३६ सरळ तुकड्यांनी दाखवले, तर समोरासमोरच्या तुकड्यांतले अंतर ९९.६२ मिमी भरते. अशा फाइलवरून व्यास ठरवू नये. खरे वक्र जपणारी मूळ स्टेप फाइल मागवावी.

प्रत्यक्ष जॉबवर पडताळणी करताना कड हातात सापडत नाही. तिथे बर (कापताना उरलेली धातूची कुसळे) असते, किंवा धार मोडलेली असते. म्हणून सीएमएमचा (बिंदूंचे सहनिर्देशक मोजणाऱ्या यंत्राचा) प्रोब, म्हणजे स्पर्शाने मोजणारी सळई, कडेला लावत नाहीत. लगतच्या दोन्ही पृष्ठांवर अनेक ठिकाणी टेकवून दोन प्रतले बसवतात आणि त्यांच्या छेदरेषेला कड मानतात. प्रतिकृतीत तेच माप ताडून पाहायचे असेल, तर तिथेही कडांऐवजी तीच पृष्ठे निवडावीत.